गोल कोपरा आणि तीन झडपांची खिडकी: फ्रीकॅडमधल्या कामाच्या नोंदी

फोंड्याजवळ कवळ्याच्या वाटेवर मामांचे चिऱ्यांचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, घर आहे, १९५० च्या आसपासचे. पुढचे दोन्ही कोपरे गोल, प्रत्येक गोलाईत तीन अरुंद झडपांची उभी खिडकी, आणि वर गोलाईबरोबर वळत जाणारा छज्जा. गेल्या पावसाळ्यात पश्चिमेचा कोपरा बसला. खिडकीवरची लाकडी तुळई वाळवीने आतून भुसभुशीत केली होती, वरून कौलांचे पाणी झिरपत होते. तो कोपरा जोत्यापर्यंत उतरवला आहे. पूर्वेचा अजून धड आहे. मागच्या बाजूला एक न्हाणीघरही नवीन काढायचे आहे.

माझ्याकडे आलेले काम असे: पूर्वेचा कोपरा मोजून मॉडेल करायचे, त्यावरून पश्चिमेचा कोपरा आखायचा, गवंड्याला आखणी आणि मेस्ताला, म्हणजे सुताराला, खिडकीची मापे द्यायची. मामांचा आग्रह एकच, रस्त्यावरून पाहणाऱ्याला नवा कोपरा कुठला ते कळता कामा नये. वापरले ते फ्रीकॅड, संगणकावर त्रिमिती मॉडेल काढायचे सॉफ्टवेअर; आवृत्ती १.०, म्हणजे २०२४ च्या नोव्हेंबरात आलेली. फुकट आहे, आणि घरच्या कामासाठी महागड्या सॉफ्टवेअरचा परवाना घेण्यात अर्थ नव्हता. काम बहुतेक शनिवार-रविवारी. मापे सगळी मिलिमीटरमध्ये.

५ जानेवारी

आधी बाहेरची त्रिज्या. भिंत बाहेरून फुगीर, त्यामुळे जीवा टाकता येत नाही. सरळ पट्टी गोलाईच्या मध्यावर टेकवायची, दोन्ही टोकांकडे भिंतीपासून सुटलेले अंतर सारखे होईपर्यंत ती सरकवायची आणि मग ते अंतर मोजायचे. पट्टीची लांबी ल आणि सुटलेले अंतर उ धरले तर त्रिज्या = (ल × ल) ÷ (८ × उ) + (उ ÷ २).

हाताशी ६०० ची पट्टी होती. वेगवेगळ्या उंचीवर अंतर ४५ ते ४९ आले. चार मिलिमीटरचा फरक म्हणजे जुन्या गिलाव्याचा चढउतारच, पण त्यातून त्रिज्या कुठे ९४३ तर कुठे १०२२ निघते. मग १००० ची ॲल्युमिनियमची पट्टी आणली. तिने अंतर १३४ ते १३८, त्रिज्या ९७५ ते १०००. पट्टी लांब असली की गिलाव्याची चूक त्रिज्येत तितकी फुगत नाही. ६०० च्या आकड्यांवर काट मारली.

७ जानेवारी

संध्याकाळी उजेड असेपर्यंत दुसरी पद्धत करून पाहिली. दोन्ही सरळ भिंतींना लांब पट्ट्या लावायच्या आणि त्या बाहेर एकमेकींना मिळतील तिथे, गोल केला नसता तर कोपरा जिथे आला असता, तो बिंदू धरायचा. त्या बिंदूपासून गोलाई सुरू होते तिथपर्यंत ९३५. त्याच बिंदूपासून गोलाईच्या मध्यापर्यंत ३७३.

काटकोन असेल तर पहिले अंतर थेट त्रिज्येइतके आणि दुसरे तिच्या ०.४१४ पट यायला हवे. म्हणजे एका मापाने ९३५, दुसऱ्याने ९००. परवाच्या ९७५-१००० शी दोन्हींचा मेळ नाही.

गोम कोनात होती. काल्पनिक कोपऱ्यापासून दोन्ही पट्ट्यांवर १००० मागे खुणा करून त्यांच्यामधले अंतर घेतले. काटकोनाला १४१४ हवे, आले १४५१. म्हणजे कोन ९३ अंश. तो धरून गणित केले तर ९३५ × टॅन ४६.५ = ९८५, आणि ३७३ वरूनही ९८५ च. लांब पट्टीच्या मापांतही हा आकडा बसतो. त्रिज्या ९८५ पक्की.

जुन्या घरात गुण्या लावल्याशिवाय ९० अंश लिहू नये. तीन अंशांनी त्रिज्येत ८५ चा घोळ घातला असता.

आतली बाजू सोपी, कारण तिथे जीवा टाकता येते. ६०० च्या जीवेला खोली ८३, त्रिज्या ५८४. खिडकीच्या बगलेत भिंतीची जाडी गिलाव्यासकट ४००. ९८५ मधून ४०० वजा जाता ५८५. आतली-बाहेरची वर्तुळे एकाच केंद्राची आहेत, म्हणजे बांधणाऱ्याने बरीच काळजी घेतली होती.

११ जानेवारी

पहिले मॉडेल. चौकोनी कोपऱ्याची भिंत उभी केली आणि पार्ट वर्कबेंचमधल्या (साधनांच्या संचातल्या) फिलेट या कड गोल करणाऱ्या साधनाने बाहेरची उभी कड ९८५ ने, आतली ५८५ ने गोल केली. दिसायला झकास. मग भिंतीत खिडकीचे भोक पाडले आणि फिलेट लाल, म्हणजे चुकला.

कारण असे की फिलेट कडेला नंबराने ओळखतो. भोक पडले की भिंतीच्या कडा वाढतात, नंबर सरकतात, आणि ९८५ ची गोलाई भलत्याच कडेवर बसायला जाते. १.० मध्ये या नंबरांच्या दुखण्यावर बराच इलाज झाला आहे, पण माझ्या भिंतीवर तो लागू पडला नाही. कडा पुन्हा निवडून दिल्या, चालले. खिडकीची उंची बदलली, पुन्हा लाल.

आणि चालले तेव्हासुद्धा अडचण होतीच. फिलेटमधून निघते ती वेगळी वस्तू, खालची मूळ 'वॉल' चौकोनीच राहते. चिऱ्यांचा हिशेब काढायला गेलो तर तो चौकोनी भिंतीचा आला. अख्खा शनिवार यात गेला. ही फाइल टाकून दिली.

१२ जानेवारी

गोलाई भिंतीच्या अंगात द्यायची नाही, ज्या रेषेवर भिंत उभी राहते त्या रेषेतच द्यायची. स्केचमध्ये दोन रेषा ९३ अंशांत काढल्या आणि स्केचरच्या फिलेटचा कोपरा जपून ठेवणारा प्रकार वापरला. याचा फायदा असा की गोलाई दिल्यावरही तो काल्पनिक कोपरा बिंदू म्हणून शिल्लक राहतो, आणि माझी सगळी मापे तिथूनच घेतलेली आहेत. त्या रेषेवर 'वॉल' केली. एकच भिंत, सरळ, गोल, पुन्हा सरळ. आतली गोलाई सॉफ्टवेअर आपणच काढते.

रेषा भिंतीच्या मध्यातून धरायची की बाहेरच्या कडेने? आधी मध्य धरला, त्रिज्या ७८५. नकाशात ते शहाणपणाचे दिसते, पण न्हाणीघराकडची भिंत २६० ची आणि पुढची ४०० ची, दोघींचा बाहेरचा चेहरा मात्र एका ओळीत हवा. मध्य धरला की तिथे ७० ची पायरी पडते. शिवाय घेतलेले प्रत्येक माप बाहेरून, त्यामुळे दर वेळी २०० वजा करत बसावे लागते. म्हणून रेषा बाहेरच्या गिलाव्याची, त्रिज्या ९८५, आणि भिंतीची जाडी आत.

'अलाइन', म्हणजे जाडी रेषेच्या कुठल्या बाजूला, डावे की उजवे हे रेषा कुठल्या दिशेने काढली त्यावर ठरते. मी उलट दिशेने काढली होती, त्यामुळे जाडी बाहेर गेली, ९८५ आतली त्रिज्या झाली आणि बाहेरची १३८५. कोपरा अंमळ सुजल्यासारखा वाटला म्हणून मोजला, नाहीतर तसाच पुढे गेला असता. भिंत उभी केली की पहिले काम, आतली त्रिज्या मोजून ५८५ आहे का पाहणे.

१८ जानेवारी

खिडकी. गोल भिंतीतल्या खिडकीच्या बगला केंद्राकडे जाणाऱ्या असणार, असे मी गृहीत धरले. बाहेर उघाडी ८०० मोजली होती. वरून पाहिल्यावर कलिंगडाच्या फोडीसारखा दिसणारा तुकडा काढला, खिडकीच्या उंचीइतका वर ओढला आणि 'रिमूव्ह'ने भिंतीतून वजा केला. काम पहिल्याच फटक्यात झाले. तिथेच संशय यायला हवा होता.

आत जाऊन पाहतो तर उघाडी ४७५. भूमितीने बरोबरच आहे, बगला केंद्राकडे निघाल्या की आत जागा कमी होणारच, ८०० × ५८५ ÷ ९८५. पण एवढ्या फटीतून मामांच्या बैठकीत येतो तेवढा उजेड येईल हे पटेना.

१९ जानेवारी

जाऊन मोजले. आतूनही ८००. बगला एकमेकींना समांतर आहेत, दोन्ही कोनदुभाजकाच्या दिशेने सरळ आत गेलेल्या. बांधणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर हेच सोपे: दोन दोऱ्या समांतर ताणायच्या की झाले, आणि उजेडही जास्त. कालचा तुकडा रद्द.

२५ जानेवारी

समांतर बगला म्हणजे 'विंडो' साधनाचे नेहमीचे सरळ भोक चालायला हवे. तयार साच्यांतली खिडकी गोल पृष्ठावर टेकवण्याच्या भानगडीत पडलो नाही. कोनदुभाजकाला काटकोनात एक उभे प्रतल घेतले, त्यावर ८०० रुंदीचा साधा आयत स्केच केला आणि त्याची खिडकी करून भिंतीला 'होस्ट' म्हणून जोडली.

'होल डेप्थ', म्हणजे भोकाची खोली, ४२० दिली, भिंतीची जाडी ४०० अधिक थोडी मोकळीक. भोक मध्यभागी आरपार, दोन्ही बगलांकडे मात्र भिंतीच्या पाचरी तशाच लटकलेल्या. बराच वेळ मी भोकाची जागा पुढेमागे करत राहिलो. एका बाजूची पाचर गेली की दुसरीकडची वाढायची.

शेवटी कागदावर मांडले. गोलाईचा सर्वांत पुढचा बिंदू केंद्रापासून ९८५ वर. बगलेची आतली कड मात्र दुभाजकाच्या दिशेने मोजली तर केंद्रापासून फक्त ४२७ वर. म्हणजे सरळ भोकाला ५५८ खोली लागते, भिंत ४०० चीच असली तरी. गोलाई जितकी घट्ट आणि खिडकी जितकी रुंद तितका हा फरक वाढतो. १२०० टाकून मोकळा झालो. पलीकडे मोकळी खोली आहे, कापले जाण्यासारखे काही नाही. लहान खोली असेल तर समोरची भिंत तपासून मगच मोठा आकडा द्यावा.

तीन झडपा या खिडकीत घातल्या नाहीत. ती फक्त भोक पाडते. झडपांच्या चौकटी तीन वेगळ्या खिडक्या, कुणालाही 'होस्ट' न जोडलेल्या, म्हणजे त्या भिंतीत काही कापत नाहीत. भोक आणि लाकूड वेगळे ठेवल्यावर पुढचा अर्धा त्रास संपला. मेस्ताने झडपेचे माप बदलले तरी भिंतीला धक्का लागत नाही.

२६ जानेवारी

सुट्टीच्या दिवशी हौस. जुन्या घरात बगलांच्या आतल्या कडा गिलाव्यात २० ने मऊ केलेल्या आहेत, त्या मॉडेलमध्ये दाखवायच्या होत्या. फिलेट होईना. १० ने होईना, ५ ने होईना. ३ ने झाला.

आकड्यांत कारण दिसते. आतली गोलाई दुभाजकापासून दोन्हीकडे ४३.५ अंश जाते. ८०० च्या उघाडीची बगल तिला ४३.१४ अंशांवर कापते. म्हणजे बगल आणि सरळ भिंत यांच्यामध्ये गोल पृष्ठाची जेमतेम ४ मिलिमीटरची चिंधी उरते. २० ची गोलाई त्या ४ वर कशी मावणार? डोळ्यांना ही चिंधी दिसतसुद्धा नाही.

दुरुस्ती काही केली नाही. कडेची मऊ गोलाई गिलावा करणारा हाताने देणार, त्याला मॉडेलची गरज नाही. नकाशावर 'आतल्या कडा २० ने गोल' एवढे लिहिले. गिलाव्याचे काम घनाकृतीत करायला जाऊ नये असे माझे मत झाले आहे. पाहुण्यांना दाखवायचे चित्र असेल तर गोष्ट वेगळी.

१ फेब्रुवारी

पूर्वेचा कोपरा आरशात उलटवून पश्चिमेला ठेवला आणि उतरवलेल्या जोत्याच्या मापांवर बसवून पाहिला. पुढची भिंत जुळली, बाजूची मात्र मागे ३ मीटर जाईपर्यंत जोत्यापासून २१० दूर. पश्चिमेचा कोन ८९ अंश निघाला. घर पुढून सरळ आणि मागे एका अंगाला कललेले आहे. मामांना विचारले तर म्हणाले, "शेजारच्या बांधामुळे." एवढ्यात विषय संपला.

उलटवणे बंद. स्प्रेडशीटचे एक पान केले: बाहेरची त्रिज्या, जाडी, कोन, उघाडी. स्केचमधले प्रत्येक माप त्यातून घ्यायचे. पश्चिमेसाठी बदलले ते फक्त कोनाचे घर, ९३ च्या जागी ८९. त्रिज्या ९८५ च ठेवली, कारण रस्त्यावरून डोळ्यात भरते ती गोलाई, कोन कुणी मोजत नाही. ८९ अंशाला काल्पनिक कोपऱ्यापासून गोलाईची सुरुवात १००२ वर जाते, पूर्वेला ती ९३५ वर होती. पुढच्या भिंतीची सरळ लांबी त्यामुळे ६७ ने घटली.

एक गोष्ट पानात टाकायची राहिली होती, खिडकीच्या प्रतलाचा फिरवलेला कोन. तो पूर्वेचा ४३.५ तसाच राहिला. हवा ४५.५. दोन अंश म्हणजे बाहेरच्या कडेवर ३४ चा सरक, आणि खिडकी कोपऱ्यात तिरकी बसलेली. छज्जाच्या मध्याशी जुळेना तेव्हा ध्यानात आले. आता तोही पानातून घेतो: (१८० − कोन) ÷ २.

पश्चिमेला त्या चिंधीचा प्रश्नही सुटला. तिथे बगल आणि सरळ भिंतीमध्ये २४ उरतात.

८ फेब्रुवारी

गवंड्यासाठी फर्मा, म्हणजे गोलाईचा साचा. गोलाईची रेषा १:१ प्रमाणात कागदांवर तुकड्यांनी छापून घेतली, चिकटवली, प्लायवर लावून कापली. जोत्यावर ठेवली तर बसेना. त्रिज्या ९५५ भरली.

छापताना दुकानात 'पानात बसवा' चालू होते, सगळे ९७ टक्क्यांवर उतरले. नकाशावर १०० ची तपासणी रेषा काढली असती तर तिथल्या तिथे ९७ दिसले असते. छपाईचे ३५० आणि प्लायचे १,२०० गेले. प्लाय पुढे छज्जाच्या फळ्यांना उपयोगी पडेल असे म्हणून मनाची समजूत घातली.

गवंड्याने फर्मा पाहिला आणि बाजूला ठेवला. म्हणाला, "कागदार बरें दिसता, पूण चिऱ्यार अशें येवचें ना." त्याला हवे होते केंद्र. ते खोलीतच आहे, बाहेरच्या दोन्ही गिलाव्यांपासून ९८५ आत. तिथे लोखंडी गज ओळंब्यात उभा केला, वर-खाली बांधून घट्ट केला आणि त्याभोवती फिरणारी लाकडी पट्टी बसवली. पट्टीवर चार खुणा: ५८५, ६०५, ९६५, ९८५. आतला गिलावा, आतला चिरा, बाहेरचा चिरा, बाहेरचा गिलावा. प्रत्येक थराला पट्टी फिरवायची. एवढ्या महिन्याच्या मॉडेलमधून त्याला नेमके काय लागले, तर केंद्राची जागा आणि हे चार आकडे.

१५ फेब्रुवारी

चिरे १४ × ९ × ७ इंची. गोलाईत चिरा लांबीने लावायचा की आडवा, हे ठरवायला मात्र मॉडेल कामाला आले. सपाट तोंडाचा चिरा ९६५ च्या गोलाईवर ठेवला की त्याच्या मध्याशी आणि टोकांशी फरक पडतो. लांब बाजू, म्हणजे सुमारे ३६०, बाहेर ठेवली तर फरक १७. गिलावा २० चा, म्हणजे चिऱ्याच्या टोकांवर ३ मिलिमीटरचा पापुद्रा, पहिल्याच पावसात सुटणारा. २३० ची बाजू बाहेर ठेवली तर फरक फक्त ७. म्हणून गोलाईत सगळे चिरे आडवे, लांबी भिंतीच्या जाडीत.

त्याची किंमत आतल्या बाजूला द्यावी लागते. बाहेर २३० असलेल्या चिऱ्याला आतल्या ६०५ च्या वर्तुळावर १४४ चीच जागा मिळते, म्हणून प्रत्येक चिरा निमुळता तासायचा. खाणीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो, वाऱ्या-उन्हात पडला की घट्ट होतो. त्यामुळे गोलाईचे चिरे ताजे मागवले आणि आले त्याच दिवसांत तासायला घेतले. आवारात वर्षभर पडून असलेले जुने चिरे मामांना वापरायचे होते. ते सरळ भिंतीला लावले.

खिडकीवर आता लाकडी तुळई नाही, काँक्रीटची लिंटेल, गोलाईबरोबर वळणारी. वळलेल्या तुळईला पीळ बसतो, म्हणून सळ्यांभोवतीच्या रिंगा बंद आणि एकमेकींच्या जवळ हव्यात. सळ्यांचे माप इंजिनिअरकडून घेतले, त्यात मी हात घातला नाही. मॉडेलमध्ये ती त्याच रेषेवर उभी केलेली एक बुटकी 'वॉल' आहे, बस्स.

२२ फेब्रुवारी

न्हाणीघराचा मागचा कोपरा. भिंत २६०, मामांना बाहेरून १५० ची छोटी गोलाई हवी, 'पुढच्याशी मिळतीजुळती'. पुढच्या कोपऱ्यांची युक्ती इथे चालेना. बाहेरची त्रिज्या १५० आणि जाडी २६०, म्हणजे आतली त्रिज्या उणे ११०. अशी गोलाई नसतेच. भिंत उलटीपालटी होऊन आतल्या कोपऱ्यात स्वतःलाच छेदत होती. जाडीपेक्षा त्रिज्या लहान असेल तर एका रेषेवरून भिंत काढायचा नाद सोडावा.

केले असे: भिंतीचा पूर्ण आडवा छेदच बंद आकृती म्हणून काढला, बाहेर १५० ची गोलाई, आत धारदार कोपरा. तिचे पृष्ठ केले आणि त्या पृष्ठावर 'वॉल' उभी केली. अशा भिंतीला जाडीचा आकडा नसतो, फक्त उंची. बाकी खिडक्या, हिशेब, सगळे नेहमीसारखे चालते. जाडी बदलायची तर स्केचमध्ये जावे लागते, ते इथे एकदाच.

गवंडी हा कोपरा चौकोनीच बांधणार आणि नंतर कड तासणार. काटकोनात १५० च्या गोलाईला कोपऱ्यातून ६२ जातात, तेवढा ताजा चिरा सहज निघतो.

१ मार्च

झडपा. चौकट बाहेरच्या गिलाव्यापासून १०० आत, म्हणजे ८८५ च्या वर्तुळावर. ८०० ची उघाडी त्या वर्तुळावर सुमारे ५४ अंश भरते, तीन झडपांना प्रत्येकी १८. प्रत्येक चौकट सपाट, रुंदी २७६. दोन चौकटींच्या सांध्यात प्रत्येकीची कड ९ अंशांनी तिरकी तासायची. मेस्ताला अंश नको होते, त्याने लाकडाच्या तुकड्यावर रेषा आखून मागितली. १०० लांबीला १६ चा उतार, असे दिले.

सपाट चौकटीचा मध्य वर्तुळापासून ११ आत राहतो. खालची पाटथर गोल केली आहे, त्यामुळे तिच्यावर मध्यभागी चौकटीपुढे ११ ची पट्टी जास्त दिसते. पूर्वेला ती तशीच आहे, पाणी बाहेर जाईल असा उतार देऊन. जुनी चौकट फणसाची होती, नवीही फणसाची.

आधी मी एकच वाकवलेली चौकट काढली होती. मॉडेलमध्ये ती सुंदर दिसते. मेस्ताने तिच्या मजुरीचा आकडा सांगितला आणि मामा चहा आणायला आत गेले.

८ मार्च

पुढच्या सरळ भिंतीत गोलाईच्या अगदी जवळ एक जुनी खिडकी आहे. तिची कड गोलाई सुरू होते त्या बिंदूपासून २०० वर, झडप ४५० ची, बाहेर उघडून भिंतीला टेकणारी. उघडली की झडपेचे शेवटचे २५० गोलाईसमोर येतात आणि टोकाशी भिंत ३२ ने मागे सरकलेली असते. मॉडेलमध्ये झडप बंदच काढलेली होती, म्हणून हे कुणाला दिसले नाही. भिंतीतला झडप अडकवायचा आकडा (हुक) झडपेपर्यंत पोचत नाही. लोहाराला ३५ ने लांब आकडा सांगितला. नवीन काम असते तर खिडकी गोलाईपासून निदान झडपेच्या रुंदीइतकी दूर ठेवली असती.

छज्जा अजून व्हायचा आहे. केंद्र तेच, पुढे ४५० निघणार, म्हणजे कडेची त्रिज्या १४३५. ९५५ च्या फर्म्याचे प्लाय त्याला लांबीत पुरत नाही. खोलीतला गज तोवर काढू नका असे गवंड्याला सांगून ठेवले आहे, मामींना त्यावर कपडे वाळत घालायला मनाई केली आहे.